बुटाच्या तळव्याची माती : हाँगकाँगच्या माकडांचं प्रकरण

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार. हाँगकाँगच्या सेंट्रल भागात बँकांच्या टोलेजंग इमारतींच्या मागे डोंगरउतारावर शहराचं सगळ्यात जुनं प्राणी आणि वनस्पती उद्यान आहे. त्या एका दिवसात तिथली आठ माकडं दगावली. तीन कॉटन-टॉप टॅमरिन, तीन पांढऱ्या तोंडाची साकी, एक स्क्विरल मंकी आणि एक डी ब्राझा. सोमवारी सस्तन प्राण्यांचा विभाग लोकांसाठी बंद झाला, धुलाई आणि निर्जंतुकीकरण सुरू झालं. मंगळवारी बातमी आली की नववं माकडही गेलं.

मी पशुवैद्य आहे. बातमी वाचली तेव्हा आठ या आकड्यापेक्षा जातींची यादी वाचून माझ्या पोटात गोळा आला. टॅमरिन म्हणजे कोलंबियाच्या वायव्य कोपऱ्यातलं, जेमतेम अर्धा किलो भरेल न भरेल असं माकड, डोक्यावर म्हाताऱ्यासारखे पांढरे केस पिंजारलेले. जंगलात ते इतकं कमी उरलंय की अति संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. साकी आणि स्क्विरल मंकी हेही दक्षिण अमेरिकेचे. डी ब्राझा मात्र मध्य आफ्रिकेतल्या दलदलीच्या जंगलातलं, कपाळावर नारिंगी चंद्रकोर आणि खाली पांढरी दाढी असलेलं दणकट माकड, नर सहासात किलोंचा. या दोन कुळांची वाट कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झाली. यातल्या एकाला पटकन मारणारे कितीतरी रोग दुसऱ्याला नुसते शिवून जातात. दोन्ही कुळांतली माकडं एकाच दिवशी आडवी पडतात, तेव्हा सगळ्यांच्या वाट्याला आलेली कुठली तरी एक गोष्ट शोधावी लागते. खाणं, पाणी, हवा, नाहीतर माणसाने आत आणलेलं काहीतरी.

अशा सकाळी प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरच्या डोक्यात काय काय येतं, तेही सांगायला हवं, कारण पुढे जे निघालं ते बहुधा कुणाच्याच यादीत पहिल्या ओळीवर नसतं. पहिली शंका विषाची. फळांवरचं कीटकनाशक, उंदरांसाठी ठेवलेलं औषध, कुणी मुद्दाम टाकलेलं काहीतरी. त्यानंतर टॉक्सोप्लाझ्मा. मांजरांच्या विष्ठेतून येणारा हा परजीवी दक्षिण अमेरिकी माकडांना फार वाईट मारतो. संध्याकाळी धड असलेली स्क्विरल मंकी सकाळी मेलेली सापडते, मध्ये लक्षण असं काही दिसतच नाही. मग येर्सिनिया, उंदीर आणि पाखरांच्या शिटेतून येणारा जिवाणू. जपानमधल्या प्राणिसंग्रहालयांत स्क्विरल मंकींवर त्याच्या साथी येऊन गेल्या आहेत. मग माणसाच्या ओठावर येणाऱ्या जराचा, म्हणजे हर्पिसचा विषाणू. आपल्याला त्याने चार दिवस नुसतं चुरचुरतं, छोट्या माकडाचा त्याने जीव जातो. पण यातलं बहुतेक काही डी ब्राझाला इतक्या झटपट नेत नाही. म्हणून डी ब्राझाचं नाव यादीत असणं हाच या प्रकरणातला पहिला मोठा धागा होता, असं मी मानतो.

मृतदेह तिथल्या कृषी, मत्स्य आणि संवर्धन खात्याच्या प्रयोगशाळेत गेले. १८ ऑक्टोबरला हाँगकाँगचे संस्कृती, क्रीडा आणि पर्यटन खात्याचे सचिव केविन येउंग यांनी निष्कर्ष जाहीर केला. माकडांच्या अवयवांत मेलिओइडोसिस या मातीतून होणाऱ्या रोगाचे जिवाणू मोठ्या प्रमाणावर सापडले होते आणि रक्तात जंतुदोष पसरून ती मेली होती. पिंजऱ्यांजवळच्या मातीतही तोच जिवाणू मुबलक निघाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पिंजऱ्यांजवळ खोदकाम झालं होतं. ते करणाऱ्या माणसांच्या बुटांना लागून दूषित माती पिंजऱ्यांत गेली असावी, असं त्यांनी सांगितलं.

म्हणजे कुणी विष घातलं नव्हतं, बाहेरून रोगी प्राणी आला नव्हता, खाणं नासलं नव्हतं. जमीन उकरली आणि त्याच बुटांनी माणसं आत गेली.

पुढच्या दिवसांत आणखी माकडं गेली आणि एकूण आकडा दहाच्या वर सरकला. नव्वदेक सस्तन प्राणी असलेल्या जागेत एवढी माकडं गेली, तीही एका महिन्यात. टॅमरिनसारख्या जातीत प्रत्येक जोडी जगभरच्या प्रजनन कार्यक्रमाच्या हिशेबात धरलेली असते. तिथे तीन टॅमरिन जाणं म्हणजे काय, हे त्या कामात असलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

मातीत राहणारा

बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय असं या जिवाणूचं नाव आहे. तो माती आणि पाण्यात राहतो. प्राण्याच्या शरीरात शिरणं ही त्याची गरज नाही, संधी मिळाली तर तो शिरतो एवढंच. शोध १९११-१२ च्या सुमारास रंगूनला लागला. आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी हे दोघे तिथल्या बेवारस, व्यसनी माणसांची शवविच्छेदनं करत होते. फुप्फुसांत आणि यकृतात गळवंच गळवं, घोड्यांना होणाऱ्या ग्लँडर्स रोगासारखी, आणि घोडा मात्र आसपास कुठे नाही. त्यांनी हा निराळा जंतू म्हणून नोंदवला. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानाच्या राज्यकारभारात होता आणि त्यांचा लेख छापून आला इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये. रोगाचा शोध आपल्याच घरात लागला होता, हे आपण जवळजवळ ऐंशी वर्षं विसरून गेलो. त्याकडे नंतर येतो.

सूक्ष्मदर्शकाखाली रंगवलेला हा जिवाणू पाहिला की विसरता येत नाही. दोन्ही टोकांना रंग गडद बसतो, मधला भाग फिकट राहतो. अगदी मिटलेल्या सेफ्टी पिनेसारखा. खास माध्यमावर वाढवला तर चारपाच दिवसांत त्याच्या वसाहती जांभळट, कोरड्या आणि सुरकुतलेल्या दिसायला लागतात, वाळलेल्या फुलासारख्या. दिसायला सुंदर आहे, आणि जंतू वाढवलेली बशी, म्हणजे प्लेट, उघडून वास घेण्याची जुनी सवय असलेल्या तंत्रज्ञाला हाच जंतू आजारी पाडू शकतो.

या प्रकरणासाठी त्याच्या तीन गोष्टी समजून घेणं जरुरीचं आहे. पहिली म्हणजे खोली. मातीत तो शोधताना नमुना साधारण ३० सेंटिमीटरवरून, म्हणजे फूटभर खालून घ्यायचा अशी शिफारस आहे. वरचा थर उन्हाने तापतो, कोरडा पडतो. खाली ओल टिकते आणि जंतूही टिकतो. मुसळधार पावसात पाणी वर चढतं तसा तोही वर येतो. आणि बागेतला पाइप बदलायचा, वाफा खणायचा, केबल टाकायची, तर माणूस किती खोल जातो? तोच एक फूट, दीड फूट. वरून झाडून घेतलेली, लोकांच्या पायाखालची माती इतकी वर्षं कुणाला काही करत नव्हती. कुदळ पडली तेव्हा तिच्या खालची उघडी पडली.

दुसरी गोष्ट चिवटपणा. नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात, खायला काही नसताना, हा जिवाणू प्रयोगशाळेत सोळा वर्षं जिवंत राहिल्याची नोंद आहे. अशा जंतूला बागेच्या मातीतून काढून टाकण्याची भाषाच करता येत नाही. जमीन त्याचीच आहे. आपल्या हातात पिंजऱ्याची फरशी आहे आणि तिथपर्यंत जाणारी वाट आहे, बस.

तिसरी गोष्ट औषधांची. पेनिसिलीन, अँपिसिलीन, जेंटामायसीन ही दवाखान्यात पहिल्यांदा हाताला लागणारी औषधं याच्यावर चालत नाहीत. माणसाला शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम निदान दहा ते चौदा दिवस आणि त्यानंतर कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या तीन महिने किंवा जास्त द्याव्या लागतात. मध्ये सोडलं तर रोग उलटतो. आता हाच उपचार अर्धा किलोच्या टॅमरिनवर करायचा आहे असं समजा. दर आठ तासांनी जाळं टाकून त्याला पकडायचं, हातमोज्यात दाबून धरायचं, सुई मारायची, सोडायचं. पकडापकडीच्या धसक्यानेच असं आजारी माकड मरू शकतं. म्हणून या रोगात माकडाच्या डॉक्टरकडे उपचाराचा रस्ता फार अरुंद असतो. जे करायचं ते रोग दारात यायच्या आधी.

जखमेतून, श्वासातून, खाण्यापिण्यातून अशा तिन्ही वाटांनी तो शरीरात शिरतो. माकडाच्या वागण्यात या तिन्ही वाटा दिवसभर उघड्या असतात. पडलेला द्राक्षाचा तुकडा फरशीवरून उचलून तोंडात जातो. बोटं चाटली जातात. एकमेकांच्या केसांतून कण वेचून खाल्ले जातात. भांडणात ओरखडे निघतात, त्यावर तीच बोटं फिरतात. बुटाच्या खाचेतून सुटलेलं चिमूटभर चिखलाचं ढेकूळ तिथे पडलं, तर कुतूहलाने ते उचलून पाहणारं पहिलं माकड कितीशा वेळात येईल, हे कुठल्याही माकडघरासमोर पाच मिनिटं उभं राहिलेल्याला माहीत आहे.

हे आधी घडून गेलं होतं

हाँगकाँगला हा जंतू अनोळखी नव्हता. १९७५ मध्ये तिथल्या एका सागरी उद्यानात २४ डॉल्फिन याच रोगाने मेले; त्या शहरातली या रोगाची पहिली मोठी नोंद माणसांची नसून डॉल्फिनांची आहे. २०२२ मध्ये शाम शुई पो या दाट वस्तीच्या भागात माणसांमध्ये रुग्णांचा पुंजका आढळला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा रोग कायद्याने कळवायच्या रोगांच्या यादीत आला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत माकडांचं प्रकरण झालं. शहराच्या आरोग्य खात्याला मातीबद्दल जे ठाऊक होतं, ते बागेतल्या खोदकामाच्या कागदावर उमटलं नव्हतं.

दुसरं उदाहरण पॅरिसचं. १९७० च्या दशकात तिथल्या जार्दां दे प्लांत या जुन्या उद्यानात, हाँगकाँगसारखंच शहराच्या पोटात वसलेलं आणि वनस्पती-प्राणी दोन्ही सांभाळणारं, मेलिओइडोसिस शिरला. थंड हवेच्या युरोपात हा रोग असायचं कारणच नव्हतं. तो प्राण्यांत पसरला, फ्रान्समधल्या दुसऱ्या प्राणिसंग्रहालयांपर्यंत आणि घोडेस्वारीच्या क्लबांपर्यंत गेला. घोड्यांची ने-आण आणि बागांना जाणारं लिदीचं खत यांतून तो पसरल्याचं सांगतात. नंतर काही वर्षं तिथल्या मातीत तो सापडत राहिला. म्हणजे तिकडेही वाट तीच, माती आणि खत.

पण हाँगकाँगच्या प्रकरणाशी सगळ्यात जवळचं उदाहरण मला अमेरिकेतलं वाटतं. लुइझियाना राज्यातल्या ट्युलेन विद्यापीठाच्या वानर संशोधन केंद्रात २०१४ च्या अखेरीस ऱ्हीसस माकडं याच जिवाणूने आजारी पडली. त्या माकडांवर या रोगाचा प्रयोग चालूच नव्हता. प्रयोग चालला होता कडेकोट बंदोबस्ताच्या प्रयोगशाळेत, उंदरांवर, लस शोधण्यासाठी. तपासाला आलेल्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेचा निष्कर्ष असा निघाला की प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांच्या आतल्या कपड्यांना लागून जंतू बाहेर आले आणि माकडांपर्यंत पोचले. दुहेरी दरवाजे, गाळलेली हवा, परवाने, कुलपं, सगळं जागेवर होतं. जंतू माणसाच्या अंगावरून चालत गेला. तिथे कपडा, इथे बूट.

दारातलं जांभळं पाणी

मी ज्या ज्या प्राणिसंग्रहालयांत काम केलं किंवा पाहणीला गेलो, तिथे बहुतेक ठिकाणी माकडघराच्या दारात पाय बुडवायची उथळ टाकी असते. त्यात पोटॅशियम परमँगनेटचं पाणी, ज्याला सगळे नुसतं पोटॅश म्हणतात. कीपर सकाळी चिमूटभर दाणे टाकतो, पाणी गडद जांभळं होतं. ते जांभळं आहे तोवर त्याच्यात दम आहे. चिखल, पालापाचोळा, विष्ठा त्यात पडत गेली की तासा-दोन तासांत त्याचा चहा होतो, तपकिरी. त्या रंगाचं पाणी मेलेलं पाणी. ब्लीचचंही तेच, चिखलाने त्याची ताकद आधी संपते. आणि बूट घासल्याशिवाय बुडवला, तर खाचेतलं ढेकूळ आतून कोरडंच्या कोरडं राहतं. आधी ब्रश, मग पाणी, मग औषध, आणि औषधात पाय काही वेळ उभा. हा क्रम पाळणारी जागा मी फार कमी पाहिली आहे.

एका ठिकाणचं सांगतो, नाव घेत नाही. पावसाळा होता. माकडघराच्या मागच्या अंगाला पाण्याची लाइन फुटली होती, चर खणला होता, तांबडा चिखल सगळीकडे. कीपर पुढच्या दाराने आला, ब्रशने बूट घासले, टाकीत दोन्ही पाय बुडवून उभा राहिला, मग आत गेला. मनापासून करत होता. मी मागच्या बाजूला गेलो, तर तिथल्या टाकीवर एक लाकडी फळी आडवी टाकलेली. विटांची ढकलगाडी आत न्यायला अडचण होत होती म्हणून. त्या फळीवर चिखलाच्या पावलांचे ठसे एकावर एक, सुकलेले, ओले, पुन्हा सुकलेले. प्लंबर आत वाकून नळ आवळत होता आणि त्याच्या पाना-पेटीच्या खालून पाण्याचा लाल ओघळ पिंजऱ्याच्या गटाराकडे निघाला होता. मी त्याला विचारलं, दादा, टाकीत पाय बुडवून यायचं कुणी सांगितलं नाही का? तो म्हणाला, साहेब, ती जनावरांच्या लोकांसाठी आहे ना? मी तर नळाचा माणूस.

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या कामाचा कागद इमारत विभागाकडून निघाला होता. त्यावर लांबी, रुंदी, खोली, दर आणि मुदत होती. माकड हा शब्द त्या कागदावर नव्हता. आमच्या बाजूने रोगप्रतिबंधाचं जे नोंदबुक होतं, त्यात लसी, जंतनाशक, रक्ततपासण्या, कीपरांची क्षयाची चाचणी हे सगळं नीट भरलेलं होतं. खड्डा हा शब्द त्या बुकात नव्हता. त्या दिवशी तिथे काही वाईट झालं नाही. पण हाँगकाँगची बातमी आली तेव्हा मला पहिल्यांदा ती फळी आठवली.

या प्रकरणाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी ठासून मांडतो. प्राणिसंग्रहालयात कुदळ मारणं हे वैद्यकीय काम आहे. कुठला प्राणी कधी, कुठे हलवायचा हे जसं डॉक्टरच्या सहीशिवाय होत नाही, तसं पिंजऱ्यापासून हाकेच्या अंतरावरचं खोदकामही त्याच्या सहीशिवाय सुरू होता कामा नये. डॉक्टरने तिथे करायचं ते फार नाही. काम चालू असेपर्यंत मजुरांचे आणि कीपरांचे बूट वेगळे ठेवायचे. पिंजऱ्यात घालायचे गमबूट पिंजऱ्यातच राहतील, बाहेर येणारच नाहीत. चर आणि पिंजरा यांच्या मध्ये वाट एकच, आणि ती भिजवलेली, म्हणजे धूळ उडणार नाही. फरशीवर पडलेला खाऊ त्या दिवसांत लगेच उचलायचा, खाणं शक्यतो वर टांगलेल्या भांड्यातून. पाऊस लागला तर काम थांबवायचं. आणि काम संपल्यावर तीन आठवडे त्या बाजूच्या प्राण्यांची भूक रोज लिहून ठेवायची, कारण जंगली प्राणी आजार लपवतो आणि सगळ्यात आधी जे दिसतं ते उरलेलं ताट. माणसात हा रोग लागणीनंतर एक ते एकवीस दिवसांत उठतो. तीन आठवड्यांचा आकडा मी तिथून घेतला आहे.

यावर खर्चाचा मुद्दा निघतो. गमबुटाचे चार जोड आणि दोन ब्रश, एवढाच तो खर्च आहे. खरी अडचण वेगळी. बागकाम, बांधकाम आणि प्राणी ही तीन खाती एका कुंपणात तीन वेगळ्या साहेबांच्या हाताखाली चालतात. हाँगकाँगचं उद्यान १८६४ मध्ये लोकांना खुलं झालं, तेव्हा ते झाडांसाठीच होतं. प्राणी नंतर आले आणि नावात प्राण्यांचा शब्द तर १९७५ ला आला. मुंबईच्या भायखळ्याची राणीची बागही त्याच काळातली, तीही आधी बाग आणि मग प्राणिसंग्रहालय. अशा जागांत माती ही माळ्याची असते, दीडशे वर्षांची सवय आहे. माळ्याने खणावं, पाणी घालावं, खत टाकावं. त्या मातीचा माकडाच्या रक्ताशी संबंध आहे असं कुणाच्या मनात येत नाही, आणि यायला हवं.

बघायला आलेल्यांचं काय

बातमी फुटल्यावर हाँगकाँगच्या लोकांनी जे विचारलं, ते आपल्याकडेही लगेच विचारतील. आम्ही गेल्या रविवारी पोरांना घेऊन गेलो होतो, आम्हाला होईल का? हा रोग आजारी माकडापासून समोर उभ्या माणसाला सहसा होत नाही, माणसाकडून माणसालाही फार क्वचित. माकड आणि माणूस दोघांनाही तो एकाच ठिकाणाहून मिळतो, ओल्या मातीतून आणि पाण्यातून. खरी काळजी घ्यायची ती खणणाऱ्याने, कीपरने, आणि शवविच्छेदन करणाऱ्याने. त्यातही ज्याला मधुमेह आहे त्याने सगळ्यात जास्त, कारण या जंतूचा सगळ्यात आवडता माणूस मधुमेही आहे. उघडी जखम असेल तर चिखलात उतरू नये, हातमोजे आणि बूट घालावेत. बागेत माळीकाम करणारे किती जण अनवाणी असतात आणि त्यातल्या किती जणांची साखर कुणी तपासलेली असते, याचा विचार हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने करावा.

आपल्या प्लेटवर

आता ते ऐंशी वर्षांचं विसरणं. भारतातला माणसातला मेलिओइडोसिसचा पहिला रुग्ण म्हणून जो नोंदवला जातो, तो १९९१ मध्ये मुंबईतून छापला गेला आणि ते एक लहान मूल होतं. रंगूनहून निघालेला रोग मुंबईत नाव घेऊन यायला इतका वेळ लागला. पुढे कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, उडुपी-मणिपालच्या बाजूला, रुग्ण वर्षानुवर्षं सापडत गेले, बहुतेक पावसाळ्यात, बहुतेक भातशेतीतले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,६५,००० माणसांना हा रोग होतो आणि सुमारे ८९,००० दगावतात, आणि यातला सगळ्यात मोठा वाटा, ४४ टक्के, दक्षिण आशियाचा आहे. उडुपीची माती आणि पाऊस कारवारच्या पुढे सीमेवर थांबत नाहीत. गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी. तीच तांबडी माती, तोच पाऊस, तीच घोट्यापर्यंतच्या चिखलातली लावणी.

मग आपल्याकडे माकडांत, हरणांत, बकऱ्यांत हा रोग का ऐकू येत नाही? याचं एक उत्तर प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे. मेलेल्या जनावराच्या यकृतातून किंवा पुवातून नमुना घेतला, साध्या माध्यमावर लावला, तर पहिल्या दिवशी हा जिवाणू अगदी मामुली दिसतो. लहान, गुळगुळीत, पांढरट. त्याच्यासारख्याच मातीतल्या दुसऱ्या जंतूंशी त्याची गल्लत होते आणि कागदावर स्यूडोमोनास लिहून किंवा बाहेरची घाण म्हणून प्लेट फेकली जाते. सुरकुत्या यायला दोनतीन दिवस थांबावं लागतं. आपल्याकडे मेलेल्या प्राण्याचा अहवाल दुसऱ्या दिवशी वर पाठवायचा असतो. माझ्या एका विद्यार्थिनीला, ती आता सरकारी प्रयोगशाळेत आहे, मी एवढंच सांगून ठेवलं आहे की किनारपट्टीवरून, पावसाळ्यात, गळवांचा नमुना आला आणि जंतूला जेंटामायसीनचा काही फरक पडत नसेल, तर प्लेट टाकू नकोस, वास घेऊ नकोस, जंतू बाहेर न सोडणाऱ्या सुरक्षा-पेटीत काम कर आणि आणखी तीन दिवस थांब.

हाँगकाँगने पाच दिवसांत कारण शोधलं आणि लोकांसमोर येऊन सांगितलं, याचं मला मनापासून कौतुक आहे. शवविच्छेदनासोबत पिंजऱ्याबाहेरची माती तपासायला घेतली, त्यामुळे ते झालं. नुसते अवयव तपासून थांबले असते तर जंतूचं नाव कळलं असतं, बूट कळला नसता.

गेल्या वर्षी कीपर मंडळींच्या एका प्रशिक्षणात मी हे सगळं प्रकरण मांडलं. फळीची गोष्टही सांगितली. शेवटच्या रांगेतले एक काका, तीस वर्षं अस्वलं आणि माकडं सांभाळलेले, तोवर काही बोलले नव्हते. त्यांनी हात वर करून विचारलं, साहेब, चर खणला, माती वर काढली, पाइप बसला की चर बुजवला. पण पाइपाच्या जाडीएवढी माती उरतेच ना? ती कुठे नेऊन टाकली?

मी तेव्हा जो नमुना-अर्ज वापरत होतो, खोदकामाआधी डॉक्टरने भरायचा, त्यात हा रकाना नव्हता. आता पहिला तोच आहे.